लाकूड बघून गाव निवडा: पिरेनीजच्या मशालरात्रींचा इंदूरकरांसाठी आढावा

फ्रान्स आणि स्पेनच्या मधल्या पिरेनीज पर्वतात जूनच्या मोठ्या दिवसांत डोंगरावरून मशाली उतरतात. हल्ली आपल्याकडे हा कार्यक्रम ‘युरोपातली होळी’ म्हणून खपवला जातो. तसं समजून गेलात तर हिरमोड होईल. होळी एका जागी पेटते आणि आपण तिच्याभोवती फिरतो. इथे आग वर डोंगरात पेटते आणि माणसांच्या खांद्यावर बसून गावात येते. बघणाऱ्याच्या वाट्याला आधी दोन-तीन तास वाट बघणं, मग दूरवर एक हलती ठिणगीरेषा आणि शेवटी पंधरा-वीस मिनिटं अगदी अंगावर येणारी आग.

निकाल आधीच सांगतो. पहिल्यांदा जाणाऱ्यानं स्पेनच्या बाजूच्या बोई खोऱ्यातलं एखादं गाव धरावं. इसिल सगळ्यात देखणं आहे, पण ते दुसऱ्या खेपेला. गुडघे कुरकुरत असतील तर स्पेनमधलं लेस गाव किंवा फ्रान्समधलं पेर्पिन्याँ शहर. आंदोरा या मधल्या चिमुकल्या देशात व्हिसा नीट हातात असेल तरच जावं. हे सगळं ठरतं ते त्या त्या गावात जाळायला कुठलं लाकूड वापरतात त्यावरून. माहितीपत्रकात मात्र नेमकं तेवढंच लिहिलेलं नसतं.

आधी नावाचा गोंधळ. ईशान्य स्पेनमधल्या कातालोनियाच्या कातालान भाषेत या मशालीला ‘फाल्या’ म्हणतात आणि ती वाहणाऱ्याला ‘फाल्याइरे’. हाच शब्द स्पेनमधल्याच वालेन्सिया शहराच्या उत्सवालाही आहे, पण तो मार्चमध्ये, शहरात, मोठमोठे पुतळे जाळून साजरा होतो. नेटवर ‘फाल्या’ शोधलं की आधी वालेन्सियाच समोर येतं आणि लोक भलत्याच महिन्याचं तिकीट काढून बसतात. वालेन्सियाचा उत्सव युनेस्कोच्या यादीत २०१६ साली गेला. पिरेनीजचे अयनदिनाचे, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाचे, अग्नी-उत्सव त्याच्या आदल्या वर्षी, २०१५ मध्ये, आंदोरा, स्पेन आणि फ्रान्स या तिघांच्या एकत्र नावावर गेले. आपल्या रंगपंचमीच्या मिरवणुकीला, गेरीलाही, त्या यादीत घालायची धडपड इंदुरात चालू आहे, म्हणून हा तपशील सांगितला.

दुसरा गोंधळ तारखेचा. मोठा दिवस २० किंवा २१ जूनला असतो आणि बहुतेक गावांत मशाली उतरतात २३ च्या रात्री. २४ जून हा संत योहानाचा जन्मदिवस, स्थानिक उच्चार ‘सान जुआन’. नाताळच्या साधारण सहा महिने आधीचा हा दिवस, आणि जुन्या रोमन पंचांगात अयनदिनही २४ जूनलाच धरत. पुढे पंचांगातल्या त्रुटीमुळे खगोलातली तारीख मागे सरकली, सण मात्र होता तिथेच राहिला. आपली मकरसंक्रांत उत्तरायणाच्या खऱ्या आरंभापासून अशीच लांब आली आहे, त्यामुळे मराठी माणसाला हे पटायला वेळ लागू नये. तेव्हा २१ जूनला तिथे पोचून ‘कुठे आहे उत्सव?’ असं विचारू नका.

आपल्याकडे या दिवसाला आगीचा सण का नाही, याचं उत्तर सोपं आहे. इंदूर कर्कवृत्ताच्या अगदी जवळ. २१ जूनला भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि दिवस साधारण साडेतेरा तासांचा असतो. तोवर माळव्यात पहिल्या पावसाची आणि सोयाबीनच्या पेरणीची घाई लागलेली असते. जाळायला कोरडं लाकूड कुणाकडे असणार? पिरेनीजमध्ये त्याच दिवशी सव्वापंधरा तास उजेड असतो आणि सूर्य मावळतो रात्री साडेनऊच्या पुढे. घड्याळाचा हा फरक डोक्यात पक्का बसवा. इंदुरात सव्वासातला तिन्हीसांजा होतात. तिथे साडेनवाला लख्ख दिसतं आणि मशाली खऱ्या अर्थानं दिसू लागतात ते दहानंतर. मुलं, वयस्कर मंडळी आणि रात्री आठला जेवणारे यांचं सगळं गणित इथेच चुकतं. त्या दिवशी दुपारी दोन तास झोप काढलीच पाहिजे.

आता लाकूड. चार प्रकार आहेत.

पहिला अख्ख्या खोडाचा. इसिलची मशाल म्हणजे पाइनचं एक सडसडीत, माणसापेक्षा लांब खोड. वसंतात झाड तोडतात, साल सोलतात, एक टोक उभं चिरतात आणि त्या चिरांत लाकडी पाचरी ठोकून खोड वाळायला ठेवून देतात. सगळी गोम पाचरीत आहे. न चिरलेला ओंडका बाहेरून काळा पडतो आणि विझतो, कारण आत हवा जात नाही. पाचरीनं फट उघडी राहिली की ज्वाळा आत शिरते आणि खोड स्वतःच धुरांड्यासारखं ओढ घेतं. बिघडतं ते दोन ठिकाणी. मे महिना पावसाचा गेला की लाकूड पुरतं वाळत नाही. मग ते जळण्याऐवजी फसफसतं, पांढरा धूर सोडतं आणि खालून रेषा पुसट दिसते. उलट चिरा जास्त खोल गेल्या तर जळते तुकडे वाटेत गळतात. ही मशाल खांद्यावर तोलून, पेटतं टोक मागे ठेवून उतरतात. म्हणून चाल संथ असते आणि दुरून बघताना अंधारात एक जाड, शांत नागमोडी ओळ सरकताना दिसते.

दुसरा ढलप्यांचा. बोई खोऱ्यात मशालीचा दांडा वेगळा आणि जळण वेगळं. जळण म्हणजे ‘तेया’, पाइनच्या गाभ्यातलं राळ मुरलेलं लाकूड. झाडाला जखम झाली किंवा खोड तुटलं की तिथे राळ साचत जाते. असं लाकूड वजनाला जड, रंगाला तांबूस आणि वासाला टर्पेंटाइनसारखं असतं. हिमालयात चिडाच्या अशाच ढलप्यांनी चूल पेटवतात, तोच प्रकार. त्या ढलप्या दांड्याच्या टोकाला तारेनं आवळून बांधतात. दोर का नाही, तर दोर जळतो आणि अख्खी मोळी खाली येते. तारही फार आवळली तर आत हवा खेळत नाही आणि मशाल नुसती धुमसते. सैल राहिली तर ढलप्या निसटतात. हे लाकूड थोडं भिजलं तरी पेटतं, म्हणून रिमझिम पावसात बोई खोऱ्याचा कार्यक्रम इसिलपेक्षा जास्त भरवशाचा. पण वितळलेली राळ पेटती ठिबकते आणि कातडीला चिकटते. पाणी टाकलं तरी चटकन सुटत नाही. बघणाऱ्यानं पाच पावलं मागे का उभं राहायचं, ते यासाठी.

तिसरा सालीचा, आणि मराठी वाचकाला हा सगळ्यात जवळचा वाटेल, कारण हे झाड म्हणजे भूर्ज. ज्याच्या हिमालयातल्या भावंडाच्या सालीवर आपल्या पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याच कुळातल्या युरोपी झाडाची साल इथे काठीवर गुंडाळून किंवा ओवून पेटवतात. भूर्जाच्या सालीत तेलकट द्रव्य भरपूर असतं, त्यामुळे ती ओली असतानाही धडधडून पेटते आणि काळा धूर सोडते. स्पेनच्या आरागोन प्रांतातल्या साउनसारख्या गावांत आणि आंदोऱ्यात ही परंपरा आहे. आंदोऱ्यात मशाल वाहून नेण्याबरोबर गरागरा फिरवतातही, हवेत आगीची चाकं उठतात. मोबाइलवर सगळ्यात जास्त फिरणारी चित्रफीत हीच, आणि ‘पिरेनीजची मशालरात्र’ म्हणजे एवढंच असा गैरसमजही तिनेच करून दिला आहे. आंदोऱ्यात डोंगर उतरण्यापेक्षा फिरवण्यावर भर. ते शहरी आहे, दणक्यात होतं, पण डोंगर त्यात मागे पडतो.

चौथा उभ्या खांबाचा. आरान खोऱ्यातल्या लेस गावी फर झाडाचं एक उंच खोड गावात उभं असतं. त्याला पाचरी ठोकून चिरा पाडलेल्या असतात आणि ते वर्षभर उभ्या उभ्या वाळतं. २३ जूनच्या रात्री ते पेटवतात. पलीकडे फ्रान्समध्ये ल्युशाँला असाच खांब जळतो, त्याला ‘ब्राँदाँ’ म्हणतात. आरानमधल्याच आर्तिएसमध्ये मात्र खांब उभा राहत नाही. पेटता ओंडका साखळ्यांनी ओढत गल्लीबोळांतून नेतात. दगडी रस्त्यावरून घासत जाणारं जळतं लाकूड, दोन्ही बाजूंना भिंती आणि मध्ये पळणारी पोरं. गौतमपुऱ्याचं हिंगोट युद्ध ज्यांनी बघितलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की इथे कुणी कुणावर नेम धरत नाही. तरीही आर्तिएसच्या गल्लीत म्हातारी माणसं आणि बाबागाडी नेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत आहे.

आता गावं.

इसिल. नोगेरा पायारेसा नदीच्या वरच्या अंगाला, समुद्रसपाटीपासून अकराशे-बाराशे मीटरवर, वस्ती शंभराच्या आसपास. मशालकरी (हा आमचा शब्द, वारकऱ्यांच्या चालीवरचा) डोंगरावरच्या ‘फारो’पासून निघतात. फारो म्हणजे जिथून आग दूरवर दिसते ती जागा. दीपगृहालाही हाच शब्द. खाली आल्यावर मशाली देवळाकडे आणि दफनभूमीकडे जाऊन मग चौकात येतात. गावच्या मुली त्यांचं स्वागत फुलं, वाइन आणि ‘कोका’ नावाच्या गोड भाकरीनं करतात. चौकात मोठं खोड पेटतं, भोवती नाच होतो. खोरं इतकं अरुंद आहे की समोरचा डोंगर नाटकाच्या पडद्यासारखा उभा राहतो आणि उतरणारी रेषा पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसते. देखणेपणाला पाचपैकी पाच. सोयीला दोन. शंभर माणसांच्या गावात त्या रात्री हजारो लोक येतात. रस्ता एकच, मुक्कामाच्या खोल्या बोटावर मोजण्याइतक्या, आणि त्याही वर्षभर आधी गेलेल्या. राहायचं ते खाली एस्तेर्रीला आणि वर जायची त्या वर्षीची व्यवस्था काय आहे, हे नगरपालिकेकडून आधी विचारून घ्यायचं. भाड्याच्या गाडीनं संध्याकाळी आठला थेट गावात जाऊ असं कुणी ठरवलं असेल तर त्यानं ते विसरावं.

बोई खोरं. याची जमेची बाजू अशी की सगळी गावं एकाच रात्री मशाली उतरवत नाहीत. जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत पाळी पाळीनं दुर्रो, बोई, बारुएरा, एरिल आणि ताउल यांचे कार्यक्रम होतात. दुर्रो पहिलं, ताउल शेवटचं. म्हणजे २३ तारखेची गर्दी टाळता येते, पावसानं एक रात्र गेली तर दुसऱ्या गावात पुन्हा संधी मिळते, आणि शाळेच्या सुट्ट्यांशीही थोडंफार जमवता येतं. तारखा दरवर्षी थोड्या सरकतात, म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी खोऱ्याच्या पर्यटन कार्यालयाचं त्या वर्षीचं पत्रक बघा. मागच्या वर्षीच्या तारखांवर अजिबात विसंबू नका.

इथे ओळीच्या पुढे ‘फाद्री माजोर’ असतो. अविवाहित तरुणांचा म्होरक्या, एवढाच त्याचा अर्थ. वर अंधार पडू लागला की फारोची आग पेटते, त्या आगीवर एकेक मशाल पेटते आणि एकेरी ओळीनं मंडळी वळणावळणानं खाली येतात. गावात शिरल्यावर मात्र चाल बदलते. गल्ल्यांतून जवळजवळ धावत फेरी होते आणि उरलेली बुंधाटं चौकातल्या होळीत पडतात. पूर्वी हा मान पुरुषांचा होता. मुलगा मोठा झाला, याची ती खूण. आता मुलीही उतरतात, आणि लहान मुलांसाठी छोट्या मशाली असतात.

उभं कुठे राहायचं, हा इथला खरा प्रश्न. गेर बघताना राजवाड्यासमोरची एखादी गच्ची मिळाली की काम झालं, सगळं आपल्यासमोरून जातं. इथे लांबून दिसणारी रेषा आणि गल्लीतली धावपळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एका जागेवरून दोन्ही सहसा साधत नाहीत. म्हणून साडेनऊ ते साडेदहा गावाच्या बाहेर, डोंगराकडे उघड्या असलेल्या कडेला थांबा. ओळीचं पहिलं टोक घरांच्या मागे जाऊन दिसेनासं झालं की चौकात नव्हे, चौकाला मिळणाऱ्या एखाद्या रुंद गल्लीच्या तोंडाशी या. चौकात शिरलात की पुढे फक्त पाठी दिसतात. दुर्रोत हे जुळवणं सगळ्यात सोपं, कारण तिथली ओळ गावाच्या वरच्या सान किर्कच्या छोट्या देवळाच्या बाजूनं येते आणि गाव आटोपशीर आहे.

दिवसा काय करायचं, हा प्रश्नही इथे सुटतो. खोऱ्यातली नऊ रोमानेस्क देवळं २००० साली जागतिक वारसा यादीत गेली. ताउलचं सान क्लिमेन हे देऊळ १० डिसेंबर ११२३ रोजी अभिषिक्त झालं. त्यातली मूळ भित्तिचित्रं बार्सिलोनाच्या संग्रहालयात हलवली आहेत आणि देवळात ती प्रकाशझोतानं पुन्हा भिंतीवर उमटवून दाखवतात. आधी बार्सिलोनात मूळ बघा, मग इथे. उलट क्रमानं गेलं तर अर्धी मजा जाते. आयग्वेस्तोर्तेस राष्ट्रीय उद्यानात स्वतःची गाडी नेता येत नाही, बोई गावातून तिथल्या जीप-टॅक्सीनं जायचं. एकंदर बोई खोऱ्याला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो संध्याकाळनंतर सार्वजनिक बस जवळजवळ नसल्याबद्दल.

लेस आणि ल्युशाँबद्दल थोडक्यात: बसून बघता येतं, चढ नाही, उजेड भरपूर. पण लेस, आर्तिएस आणि ल्युशाँ या तिन्ही ठिकाणी आग २३ च्याच रात्री असते. नकाशावर ती जवळ दिसतात म्हणून ‘एका रात्रीत तिन्ही’ असा बेत कुणी दाखवला तर तो माणूस तिथे कधी गेलेला नाही असं समजा.

पेर्पिन्याँचा पर्याय ज्येष्ठांसाठी खास. १९५५ साली फ्रांसेस्क पुजादे यांनी कानिगो शिखरावर (२,७८४ मीटर) आग पेटवली, तिथून ही प्रथा वाढली. आदल्या दिवसांत गावोगावची माणसं लाकडाच्या मोळ्या शिखरावर वाहून नेतात. पेर्पिन्याँच्या कास्तिये या जुन्या वेशीत वर्षभर जपलेली ज्योत २२ जूनला शिखरावर जाते आणि २३ ला तिथून निघालेल्या ज्योती गावोगावच्या होळ्या पेटवतात. बार्सिलोनाहून पेर्पिन्याँला जलद रेल्वे दीड तासाच्या आत पोचते. डोंगर चढायचा नाही, गाडी चालवायची नाही. उतरणाऱ्या मशालींची ओळ मात्र इथे मिळणार नाही, हे मान्य करून जायचं.

कपड्यांबद्दल एकच नियम: सुती किंवा लोकरी. नायलॉनचं जाकीट, पॉलिएस्टरची ओढणी, सिंथेटिक साडी यांवर ठिणगी पडली तर कापड वितळून अंगाला चिकटतं. जूनची रात्र असली तरी ताउलसारख्या दीड हजार मीटरवरच्या गावात पारा दहा अंशांपर्यंत किंवा त्याखालीही जातो, म्हणून आत लोकरी स्वेटर आणि वर जाड सुती जाकीट. दुपारी गडगडाटी पाऊस हा तिथला रोजचा पाहुणा. पायवाटा निसरड्या होतात, चपला नकोत. फार कोरड्या वर्षी वणव्याच्या भीतीनं मशालींवर बंधनं येतात किंवा मार्ग बदलतात. कातालोनियात धोक्याची पातळी ‘प्ला आल्फा’ नावाच्या व्यवस्थेत रोज जाहीर होते. आदल्या दिवशी ती बघायची सवय ठेवा.

फोटोचं तंत्र थोडं वेगळं. लांबची ओळ टिपायला तिपाई हवीच. आयएसओ ४००, पंधरा ते तीस सेकंद उघडी झडप, म्हणजे ठिपक्यांची सलग सोनेरी रेघ होते. दहा ते साडेदहाच्या मध्ये आकाशात निळसर उजेड असतो तेव्हाच काढा, नंतर डोंगराची कडा काळोखात जाते. जवळून धावणाऱ्यांसाठी आयएसओ १६०० ते ३२०० आणि १/१२५ सेकंदाच्या आसपास. फ्लॅश लावू नका. फोटो सपाट येतो, आणि हातात जळतं लाकूड घेऊन उतरणाऱ्याचे डोळे दिपतात.

जेवणाचा भाग शाकाहारी माणसाला जपून घ्यावा लागेल. उत्सवाच्या कोकावर साखरेत मुरवलेली फळं आणि पाइनच्या बिया असतात, दिसायला निरुपद्रवी. पण काही कोकांत डुकराची चरबी घालतात, आणि एका प्रकारात तर तिचे कुरकुरीत तुकडेच असतात. ‘सेन्सा ल्यार्त?’, म्हणजे ‘चरबीविना?’, असं विचारायला शिका. अंडं बहुधा असतंच. पालकाची भाजी मनुका आणि पाइनबिया घालून येते, ती चांगली. पण तिच्यातही डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात का, हे विचारून घ्या. कोबी-बटाट्याचा ‘त्रिन्शात’ दिसायला आपल्या भाजीसारखा, पण वर डुकराचं मांस असतं. नि:शंक मागवायचं तर टोमॅटो चोळून तेल घातलेला पाव आणि ‘एस्कालिवादा’. भाजलेली वांगी, ढोबळी मिरची आणि कांदा, म्हणजे आपलं भरीतच, फक्त न कुस्करलेलं आणि थंड. गावजेवणाची तिकिटं मिळतात, पण त्यात मांसच गृहीत धरा. उपाहारगृहांची स्वयंपाकघरं दुपारी साडेतीन-चारला बंद होतात आणि रात्री साडेआठ-नऊच्या आत उघडत नाहीत, म्हणजे नेमकी तुमची जागा धरायची वेळ. सहाच्या सुमारास पाव-चीज घेऊन ठेवा. इंदुरातून शेव, चिवडा, खाकरा खुशाल न्या. पण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, तेव्हा पेढे आणि मावाबाटी घरीच ठेवा.

प्रवास आणि कागदपत्रं. इंदूरहून दिल्ली किंवा मुंबईमार्गे बार्सिलोना. तिथून बोई खोरं अडीचशे किलोमीटरच्या पुढे, गाडीनं साडेतीन-चार तास. सार्वजनिक वाहनानं जायचं तर विएल्याकडे जाणारी बस घेऊन पोन दे सुएर्तला उतरायचं, पण पुढचे वीसेक किलोमीटर आणि रात्रीचं परतणं यासाठी टॅक्सी आधी ठरवावी लागते. स्वतः चालवणार असाल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, आणि तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवतात हे अंधाऱ्या घाटातही लक्षात ठेवा. २४ जूनला कातालोनियात सार्वजनिक सुट्टी असते. दुकानं बंद, बसगाड्या कमी. त्या दिवशी परतीचं विमान ठेवू नका.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रौढांचं शुल्क ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा भराभर संपतात, म्हणून जूनसाठी जानेवारी-फेब्रुवारीतच हालचाल सुरू करा. आणि आंदोऱ्याचा सापळा इथे आहे. आंदोरा शेंगेनमध्ये नाही. त्याला विमानतळ नाही, रेल्वेही नाही, जायचं ते स्पेनमधून नाही तर फ्रान्समधून. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर आंदोऱ्यात पाऊल टाकलं की तो संपला, परत स्पेनमध्ये येण्याचा हक्क उरत नाही. बहुप्रवेश व्हिसा मागा, आणि हातात आल्यावर स्टिकरवर तसं छापलंय का, ते स्वतः वाचा.

ग्रुप टूरवाल्यांना विचारायचा प्रश्न एकच: कागदावर ‘सान जुआन उत्सव’ लिहिलंय, तर गावाचं नाव काय? उत्तर ‘बार्सिलोना’ आलं तर समुद्रकिनारी फटाके आणि शेकोट्या मिळतील. रात्र मजेची जाईल, पण डोंगर नाही, मशाली नाहीत. गावाचं नाव आलं तर पुढचा प्रश्न, रात्री एकनंतर परत कसं आणणार? चालकाच्या कामाच्या तासांवर युरोपात कडक मर्यादा आहेत. सकाळी आठला निघालेली बस मध्यरात्री डोंगरात तुमची वाट बघत थांबू शकत नाही. त्या रात्रीचा मुक्काम खोऱ्यातच हवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर चौकात या. गावकरी होळीतले निखारे आणि राख घरी नेतात. घराला आणि बागेला राखण होते अशी समजूत आहे. मागितली तर कुणी नाही म्हणत नाही. फक्त राळ मुरलेल्या लाकडाचा निखारा वरून करडा दिसला तरी आत बराच वेळ धगधगत राहतो. प्लास्टिकच्या पिशवीत घेऊ नका. पत्र्याचा डबा न्या, झाकण सैल ठेवा, आणि तो डबा खोलीत नव्हे, दाराबाहेर दगडावर ठेवा.